जंगलांतील व्यापार आणि वाणिज्याचे विद्यार्थी

वाणिज्य हा विषय या देशांतील महाविद्यालयांत शिकविला जाऊं लागला त्याला शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. मुंबईस १९१३ सालीं सिडनहॅम महाविद्यालय निघालें, आणि तेव्हांपासून जमाखर्च, बँकांचे व्यवहार, कंपनीचा कायदा, मालाची ने-आण हे विषय शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांची संख्या सारखी वाढत गेली. या शिक्षणानें देशाचें पुष्कळ काम केलें, हें कोणीहि मान्य करील. परंतु त्यांत एक प्रश्न बहुधा अखेरपर्यंत विचारलाच जात नाहीं. ज्या मालावर व्यापार चालतो तो माल आणखी तीस वर्षांनीं मिळेल काय, आणि जो माणूस तो माल प्रथम हातांत घेतो त्याचें घर त्यावर चालेल काय? ताळेबंदांत यंत्राची झीज लिहितात. जंगलाची झीज लिहावयाचें खातें मात्र त्यांत नसतें.

हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनांत उपजावा कसा? ‘टिकाऊ व्यापार’ किंवा ‘नीतीचा व्यापार’ अशा नांवाचें प्रकरण आतां पाठ्यपुस्तकांत आढळतें. विद्यार्थी त्यांतील व्याख्या पाठ करतो, परीक्षेंत उतरवितो आणि परीक्षेबरोबर विसरून जातो. व्याख्येंत चूक नसते. पण तिच्या पाठीशीं डोळ्यांनीं पाहिलेलें असें कांहींच नसतें. मीठ न चाखतां खारटपणाची व्याख्या शिकावी, तसा तो प्रकार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तरी असें होण्याचें कारण नाहीं. या विषयाचे जिवंत पाठ तेथील वर्गाच्या दारापासून फार दूर नाहींत.

१९८२ सालीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच्या क्षेत्रफळाचा दोन-तृतीयांशांच्या घरांतील भाग आजहि जंगलानें व्यापलेला आहे. चंद्रपूरकडे एका बाजूस ताडोबाचें अरण्य, तर दुसऱ्या बाजूस दगडी कोळशाच्या खाणी आहेत. या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयें २०११ सालीं स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाखालीं येतात. तेथें शिकणाऱ्या पुष्कळ मुलामुलींचीं घरें अशा गांवीं आहेत, कीं जेथें उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें वेंचून आणि तेंदूचीं पानें तोडून वर्षाच्या खर्चाची तोंडमिळवणी केली जाते. मुलगा वर्गांत शेअरबाजाराचे नियम उतरवून घेत असतो, आणि त्याच वेळीं त्याची आई आठवड्याच्या बाजारांत व्यापाऱ्याच्या तराजूपुढें उभी असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे, हें त्याला कोणी सांगत नाहीं.

असा संबंध जोडून दाखविण्याचा प्रयत्न पूर्वीं झालेला आहे. जे. सी. कुमारप्पा हे लंडनला हिशेबतपासणीचें शास्त्र शिकलेले आणि अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास केलेले गृहस्थ. गुजरात विद्यापीठांतील विद्यार्थी बरोबर घेऊन त्यांनीं खेडा जिल्ह्यांतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली व तिचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याची मिळकत किती, त्याचा सारा किती, कर्ज किती, हें विद्यार्थ्यांनीं गांवोगांव फिरून टिपलें. म्हणजे अर्थशास्त्र त्यांनीं अंगणांत बसून शिकलें. पुढें १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचें ठाणें वर्ध्यास पडलें आणि त्याची धुरा कुमारप्पांकडे आली. १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचें नांवच ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’, म्हणजे टिकणारी अर्थव्यवस्था, असें आहे. आज ज्या कल्पनेचा जगभर गाजावाजा होतो, तिचें एक जुनें घर असें विदर्भांतच आहे.

कुमारप्पांनीं अर्थव्यवहाराचे दोन प्रकार दाखविले होते. एक सांचलेल्या सांठ्यावर चालणारा आणि दुसरा वाहत्या प्रवाहावर चालणारा. कोळसा, खनिज तेल, लोखंड यांचा सांठा ठराविक असतो; काढला तितका कमी होतो, आणि उरलेल्यासाठीं भांडण लागतें. लाकूड, धान्य, सूर्याचें ऊन यांचा प्रवाह मात्र दरवर्षीं नव्यानें येतो. वाढीपेक्षां अधिक न ओढला तर तो आटत नाहीं. चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला हे दोन्ही प्रकार एका दिवसांत पाहतां येतात. सकाळीं त्यानें कोळशाच्या खाणीच्या कांठावर उभें राहावें. याच जिल्ह्यांतील वरोऱ्याची जुनी सरकारी खाण विसाव्या शतकाच्या आरंभींच बंद पडली, हें तेथें त्याला सांगावें. दुपारीं त्यानें बांबूच्या बेटापाशीं जावें. तेथें त्याला व्यापाराचा पहिला धडा मिळेल.

बांबूचें बेट म्हणजे निसर्गानें उघडलेलें ठेवीचें खातें होय. पावसाळ्यांत जमिनींतून कोंब फुटतात; त्यांना तिकडे वास्ते म्हणतात. एका हंगामांतच ते पूर्ण उंची गांठतात, पण पक्के होण्यास त्यांना तीन-चार वर्षें लागतात. तोडणाऱ्यानें या वर्षींचे व गेल्या वर्षींचे कोंवळे बांबू सोडून द्यावे, पक्केच तोडावे, बेटाचा आधार मोडेल इतके तोडूं नयेत आणि जमिनीलगतचें एखादें पेर राखून तोडावें, म्हणजे मूळ जिवंत राहतें. हा नियम पाळला तर व्याज मिळत जातें आणि मुद्दल शिल्लक राहतें. ठेकेदाराच्या मजुराला मात्र तोडलेल्या नगावर मजुरी मिळते. त्यानें सोयीचे म्हणून बाहेरचे कोंवळे बांबू ओढले, तर त्याला दोष तरी किती द्यावा? बेट उद्यां मेलें तर त्याची मजुरी कांहीं आज कापली जात नाहीं. मजुरीची पद्धत बदलली कीं जंगलाची स्थितीहि बदलते, हें सूत्र विद्यार्थ्याला बेटापाशीं पाहून पटेल.

धानोरा तालुक्यांतील मेंढा, ज्याला मेंढा (लेखा) असें म्हणतात, हें पांचशेंच्या आसपास वस्तीचें गोंड लोकांचें गांव. या भागांतील बांबू दीर्घ काळ कागदाच्या गिरणीसाठीं ठेक्यानें तोडला जात असे. गांवानें त्याला हरकत घेतली. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवकरी आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सहाध्यायी यांनीं तेथें दोन गोष्टी रुजविल्या. एक म्हणजे ग्रामसभेंत सर्वांच्या संमतीनेंच निर्णय व्हावा. बहुमतानें अल्पमताला दाबूं नये. दुसरी म्हणजे निर्णयापूर्वीं अभ्यासगटांत त्या विषयाचा कसून अभ्यास व्हावा. २००६ सालच्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्याचा मार्ग मोकळा झाला नव्हता. कारण वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडे होता आणि बांबूला झाड म्हणावें कीं गौण वनोपज म्हणावें, याचा वाद चालला होता. २००६ च्या कायद्यांत तर बांबूचा समावेश गौण वनोपजांत स्पष्ट शब्दांत केलेला होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं मेंढ्यास येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. पुढें २०१७ सालीं भारतीय वन कायद्यांतील वृक्षाच्या व्याख्येंतूनहि बांबू वगळण्यांत आला.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला या हकीकतींत काय शिकावयाचें आहे? मालकी आणि विक्रीचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या असतात. मालाचें कायद्यांतील नांव बदललें कीं त्याचें मोल बदलतें. आणि एका साध्या परवान्यावांचून सारा माल जागच्या जागीं कुजूं शकतो. बाजारपेठेच्या व्याख्येंत हें सारें गृहीत धरलेलें असतें. मेंढ्याच्या लोकांना तें वर्षानुवर्षें झगडून मिळवावें लागलें.

दुसरा धडा चंद्रपूर जिल्ह्यांतील गोंडपिंपरी तालुक्यांत पाचगांव येथें मिळतो. या गांवाला २०१२ सालीं जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि तेथेंहि ग्रामसभा बांबूचा व्यापार करूं लागली. परंतु त्या गांवानें तेंदूच्या पानांचें उत्पन्न मात्र आपण होऊन सोडलें. तेंदूला कोंवळीं पानें भरपूर यावींत म्हणून झाडाच्या फांद्या छाटतात, जागोजाग आगीहि लावतात. त्यांत जंगलाची हानि होते. शिवाय तें पान अखेर विडींत जातें व ओढणाऱ्याच्या छातीवर बसतें. झाड राखलें तर त्याला टेंभरें धरतात, तीं माणसांना व पांखरांना खावयास मिळतात. असा विचार करून हातचा पैसा सोडणें हें श्रीमंताला सोपें असेल. उन्हाळ्याच्या त्या थोड्या दिवसांच्या मजुरीवर ज्यांची भिस्त असते, अशा गांवानें तें केलें, यांत त्याचें महत्त्व आहे. बांबूचें उत्पन्न हातीं आल्यामुळें तेंदू सोडणें परवडलें, हेंहि विद्यार्थ्यानें लिहून घ्यावें. नीति आणि हिशेब यांचें येथें वैर नाहीं. एकाच्या आधारानें दुसरें उभें आहे.

प्रत्येक गांवाला हें शक्य होईल, असें मात्र नव्हे. तेंदू हा आजहि या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांचा आधार आहे. १९६९ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत वनोपजाचा व्यापार सरकारनें आपल्या नियंत्रणाखालीं घेतला. गेल्या दशकभरांत मात्र गडचिरोलींतील अनेक ग्रामसभा आपला तेंदू आपणच लिलावानें विकूं लागल्या आहेत. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांचें एक प्रमाण पोतें. म्हणजे एका पोत्यामागें सत्तर हजार पानें हातानें तोडून, निवडून, मोजून, बांधून, उन्हांत वाळवावीं लागतात. विद्यार्थ्यानें एक पुडा स्वतः बांधून पाहावा, म्हणजे घाऊक भावाच्या आंकड्यामागें किती बोटें राबतात तें त्याला कळेल. मग त्यानें करारनामा वाचावा. पैसा केव्हां द्यावयाचा, अनामत किती, माल भिजला तर नुकसान कोणाचें, भाव पडल्यावर व्यापारी निघून गेला तर काय करावयाचें? तेंदूचा भाव एका वर्षीं चढतो आणि दुसऱ्या वर्षीं कोसळतो. करारांतील एक सैल कलम शंभर कुटुंबांची मजुरी अडकवून ठेवूं शकतें.

खरी निकड येथेंच आहे. एकट्या गडचिरोली जिल्ह्यांत हजाराहून अधिक गांवांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. हक्क कायद्यानें दिला. पण हक्काबरोबर जमाखर्च आला, बँकेचें खातें आलें, निविदा आल्या, कर आला आणि लेखापरीक्षाहि आली. हीं कामें करणारा माणूस गांवांत नसेल तर तीं बाहेरच्या माणसाच्या हातीं जातात. आणि ज्याच्या हातीं वही त्याच्या हातीं व्यवहार, हें तर व्यापाराचें जुनेंच सूत्र आहे. एका बाजूस हिशेब जाणणारा माणूस गांवाला हवा आहे. दुसऱ्या बाजूस त्याच गांवचा वाणिज्य पदवीधर नागपूर-पुण्याकडे किरकोळ पगाराची नोकरी शोधीत फिरतो आहे. या दोघांची गांठ कोणीं घालावी? विद्यार्थिदशेंतील भेटींनीं ती घातली गेली नाहीं तर पुढें ती पडणें कठीणच.

तिसरा धडा धानाच्या बांधावर मिळतो. नागभीड तालुक्यांतील नांदेड या गांवचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ सालीं त्यांना आपल्या शेतांत धानाच्या कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या राखून, पुनः पुनः पेरून, निवडून त्यांनीं एक बारीक, चवदार व भरपूर पीक देणारें वाण सिद्ध केलें. तेव्हां लोकांच्या मनगटावर एचएमटी घड्याळाची चलती होती. व्यापाऱ्यांनीं तेंच नांव या तांदळास दिलें, आणि त्या नांवानें तो दूरवर पसरला. दादाजींना २००५ सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें पारितोषिक मिळालें. पण आयुष्य त्यांनीं ओढगस्तींतच काढलें आणि २०१८ सालीं ते वारले. बाजारांत ज्याला छाप किंवा ब्रँड म्हणतात, त्याचें सारें रहस्य या एका हकीकतींत आहे. गुण शेतकऱ्यानें शोधला, नांव घड्याळाचें लागलें, आणि नफा ज्यांच्याकडे गोदामें होतीं त्यांच्याकडे गेला. यांत कोणी चोरी केली असें नव्हे. बाजाराची रचनाच अशी होती कीं शोधणाऱ्याकडे परत येणारी वाट तींत नव्हती. अशी वाट काढतां येईल काय, हा प्रश्न त्या बांधावर बसून विद्यार्थ्यांनीं सोडविण्यासारखा आहे.

अशा जागा आणखीहि आहेत. आरमोरीकडे ऐन व अर्जुन यांच्या झाडांवर कोशाचे किडे वाढवितात आणि त्यांच्या धाग्याचें कापड नागभीडच्या मागांवर विणलें जातें. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं वसविलेल्या आनंदवनांत, ज्यांना समाजानें कामाला नालायक ठरविलें होतें, त्या माणसांच्या हातचें कापड व सामान विकलें जातें. भद्रावतीस ग्रामोदय संघानें कुंभाराच्या कसबाला नवी जोड दिली. चिचपल्लीस २०१४ सालीं बांबूचें संशोधन व प्रशिक्षण देणारें केंद्र निघालें. प्रत्येक ठिकाणीं धंद्याची घडण निराळी आहे: कोठें ग्रामसभा, कोठें विश्वस्त संस्था, कोठें सरकारी केंद्र, कोठें एकटें कुटुंब. त्यांची तुलना हाच विद्यार्थ्याचा अभ्यास.

परंतु भेट म्हणजे सहल नव्हे. मोटारींतून उतरावें, पुढाऱ्याचें भाषण ऐकावें, चहा घ्यावा, छायाचित्र काढावें आणि एक टोपली विकत घेऊन परतावें, अशा भेटींनीं विद्यार्थ्याची करमणूक होते आणि गांवाचा दिवस बुडतो. भेट उपयोगी व्हावयाची तर तिला कांहीं शिस्त हवी. प्रथम ग्रामसभेची संमति घ्यावी. ती नाहीं म्हणाली तर तोहि एक धडा समजावा. जाण्यापूर्वीं कायदा, मालाचा हंगाम आणि बाजारभाव यांची माहिती वर्गांत करून घ्यावी. एकाच ठिकाणीं वर्षांतून तीनदां जावें: तोडीच्या वेळीं, विक्रीच्या वेळीं आणि हिशेबाच्या वेळीं. गोंडी बोलणारे विद्यार्थी वर्गांत असतील तर ते त्या दिवशीं पुढें व्हावेत. एरवीं मागच्या बाकावर बसणारा मुलगा तेथें इतरांचा शिक्षक होईल. आणि जें घेतलें त्याच्या मोबदल्यांत कांहीं द्यावें. वर्षाचा जमाखर्च सोप्या मराठींत व शक्य तेथें गोंडींत मांडून ग्रामसभेपुढें वाचून दाखवावा. गांवकऱ्यांनीं विचारलेल्या शंकांस उत्तर देतां आलें, तर विद्यार्थी उत्तीर्ण झाला असें समजण्यास हरकत नसावी.

यावर आक्षेप येतील. अभ्यासक्रमांत वेळ कोठें आहे, हा पहिला. त्याचें उत्तर सोपें आहे: २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्याच्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प व समाजकार्य यांस श्रेयांक ठेवलेले आहेत, प्रश्न ते कागदावर भरावयाचे कीं जंगलांत, एवढाच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे व्यवहार लहान आहेत. जग मोठ्या कंपन्यांवर चालतें. तेंदूचे पुडे मोजून विद्यार्थी मोठ्या जगांत कसा टिकेल? परंतु मुद्दल न खातां व्याजावर कसें जगावें, करारांत दुबळ्या बाजूचें रक्षण कसें करावें आणि ज्याच्या श्रमावर नफा उभा आहे त्याला त्यांतला वांटा कसा पोंचवावा, हे प्रश्न मोठ्या कंपनीपुढेंहि हेच असतात. तेथें ते दिसत नाहींत इतकेंच. शरीरशास्त्र शिकणारा विद्यार्थी प्रथम बेडूक पाहतो, तो त्याला पुढें बेडकांचीच चिकित्सा करावयाची असते म्हणून नव्हे.

तिसरी अडचण आक्षेपाहून गंभीर आहे. या गांवांविषयीं बोलतांना त्यांना देव्हाऱ्यांत बसविण्याचा मोह होतो. तेथेंहि मतभेद असतात, हिशेबावरून भांडणें होतात, सर्वसंमतीची वाट पाहतां पाहतां हंगाम निघून जाण्याचें भय असतें. हें विद्यार्थ्यांपासून लपवूं नये. जो धंदा निर्दोष म्हणून दाखविला जातो त्यापासून शिकण्यासारखें थोडेंच असतें. जो आपले दोष सभेंत उघड मांडून दुरुस्त करूं पाहतो, त्यापासून पुष्कळ शिकतां येतें.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचा या साऱ्यांत काय संबंध, असें कोणाच्या मनांत येईल. त्या घरांत बांबूची सुपली आहे, एचएमटी तांदूळ आहे, लग्नसमारंभाला नेसावयाचें कोशाचें लुगडें आहे आणि कागद तर पावलोपावलीं आहे. या प्रत्येक वस्तूच्या मागें कोठें तरी एक बेट, एक बांध किंवा एक ऐनाचें झाड उभें आहे. तें पुढल्या पिढीसाठीं राहील कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम पुष्कळसें आज महाविद्यालयांत जमाखर्च शिकणाऱ्या मुलामुलींच्याच हातीं जाणार आहे. त्यांच्या वहींत जंगलाच्या नांवाचें एक खातें असावें, आणि तें कसें लिहावयाचें तें त्यांनीं त्या जंगलांत राहणाऱ्यांकडूनच शिकून घ्यावें, एवढीच या शिक्षणाकडून अपेक्षा आहे.